बासष्ट घरांचा नकाशा

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी विजयसर शाळेत आले होते. संबोधीने त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरा हाफ शर्ट, बगलेत फाइल, आणि मराठी इतकी स्वच्छ की त्यांच्यासमोर हेडमास्तरसुद्धा सांभाळून बोलू लागले. ते वर्षभरापूर्वी पुण्याहून इंदूरला एका ट्रस्टमध्ये नोकरीला आले होते. ट्रस्टने स्नेहलतागंजात उन्हाळी अभ्यासवर्ग काढला होता. एक मेपासून चाळीस दिवस गणित, सांख्यिकी, इंग्रजी आणि कॉम्प्युटर. फी नाही, वह्या-पुस्तकं त्यांचीच. वीस मुलं घ्यायची होती आणि अट एकच होती, मूल चंद्रप्रभा मिलच्या लाइनीत राहणारं हवं.

"त्याच लाइनीतलं का, सर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"कुठून तरी सुरुवात करायची," विजयसर म्हणाले आणि फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

संबोधीचं घर त्याच लाइनीत होतं. तीन ओळी, बासष्ट क्वार्टर, वर कवेलूंचं छप्पर, मध्ये एक नळ आणि नळाशेजारी कडुनिंब. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. फाटकाला कुलूप होतं आणि फाटकासमोर ताडपत्रीच्या मांडवात माणसं पाळीपाळीने धरण्याला बसायची. मागच्या दाराने मात्र रोज दोन ट्रक बाहेर पडायचे, वरून घट्ट बांधलेले. आतून काय जातंय ते कुणाला दिसायचं नाही. मांडवातली माणसं ट्रक मोजायची आणि गप्प बसायची.

तिचे पप्पा, अशोक, वीस वर्षं विणाई खात्यात होते. आता सांवेर रोडच्या एका फॅक्टरीत चौकीदारी करत. फॉर्म पाहून ते म्हणाले, "फुकट? बेटा, यांचा काय फायदा?"

"फायदा कशाला लागतो दर वेळेस?" तिची आई मंजुळा शिलाई मशीनवरून न उठता म्हणाली. "कॉम्प्युटर शिकेल ती. आपल्या लाइनीत कुणी पाहिला पण आहे का कॉम्प्युटर? जाऊ द्या."

पप्पांनी सही केली.

वर्ग खरोखर चांगला होता. पुढे लोकांनी विचारलं तेव्हाही संबोधीने हे कधी नाकारलं नाही. विजयसरांसारखं शिकवणारं तिला आधी कुणी भेटलं नव्हतं. सरासरी म्हणजे काय हे त्यांनी वीस मुलांच्या चपलांची मापं घेऊन शिकवलं. एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते का, कोणती कशाला बांधलेली आहे, हे कागदावरच्या आकड्यांतून कसं ओळखायचं ते शिकवलं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. चपला बाहेर काढून, हात पुसून आत जायचं. संबोधी दोन आठवड्यांत वर्गात पहिली आली. सर तिच्या वहीवर लाल पेनाने फक्त 'छान' एवढंच लिहायचे आणि तेवढ्यासाठी ती पहाटे उठून गणितं करायची.

पंधराव्या दिवशी सरांनी प्रकल्प दिला. आपल्या वस्तीचा नकाशा आणि सर्वेक्षण. टेप, साखळी, लाकडी फळी, सगळं सामान ट्रस्टने दिलं. पाच पाच मुलांचे चार गट केले आणि नकाशा संबोधीकडे सोपवला. तिने एक नंबर लाइनीतली तिची मैत्रीण प्रीती हिला सोबत घेतलं. मेच्या उन्हात दोघी डोक्याला ओढण्या बांधून टेप ओढायच्या. घराची लांबी, रुंदी, गल्ली कुठे अरुंद होते, नळ कुठे, विजेचा खांब कुठे, ट्रक आत येऊ शकेल इतकी वाट कोणती. तिला मजा वाटत होती. जिथे ती रांगत मोठी झाली ती जमीन आता कागदावर रेघांनी उतरत होती, आणि सगळ्या रेघा बरोबर जुळत होत्या.

मग फॉर्म आले. छापील, हिंदीत, एकतीस रकाने. कुटुंबात किती माणसं, वय, शिक्षण, इथपर्यंत ठीक होतं. पण चौदावा रकाना होता, 'ज्याच्या नावाने क्वार्टर आहे ती व्यक्ती हयात आहे का?' सतरावा, 'मागे-पुढे वाढवलेली खोली आहे का?' बाविसावा, 'गावी घर किंवा जागा आहे का?' सव्विसावा, 'दिवसा घरात पुरुष असतो का?' आणि एकोणतिसावा, 'फाटकावरच्या गेट मीटिंगला घरातून कोण जातं?'

"सर, हे कशाला?" संबोधीने विचारलं.

"सामाजिक अभ्यास आहे. जितकी माहिती जास्त तितका निष्कर्ष पक्का." सरांनी फॉर्म तिच्या हातातून घेऊन सरळ केला आणि परत दिला. "नावं नंतर काढून टाकतो आपण. राहतात ते फक्त आकडे."

लोकांनी दारं उघडली, कारण दारात अशोकची पोरगी उभी होती. तिला सरबत मिळालं, सेव मिळाली, बसायला चटई मिळाली. कोण कुठे कामाला जातं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण आजारी, सगळं लोकांनी सांगितलं. जे विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

दोन नंबर लाइनीच्या टोकाला द्वारकाबाई एकटी राहायची. नवरा मिलमध्ये फिटर होता, सात वर्षांपूर्वी वारला. क्वार्टर अजून त्याच्याच नावावर होतं. म्हातारीचे गुडघे गेले होते, दारापासून नळापर्यंत जायला तिला भिंत धरावी लागायची. संबोधी लहान असताना आई शिलाईचं काम पोचवायला जायची तेव्हा हिच्याच ओट्यावर तिला सोडून जायची.

"हयात आहेत का, म्हणून विचारलंय इथे," संबोधी चौदाव्या रकान्यावर पेन टेकवून म्हणाली.

"कोण, हे?" द्वारकाबाईने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तुला माहीत नाही काय? त्यांच्या तेराव्याला जेवून गेली होतीस तू."

"तसं नाही, आजी. लिहावं लागतं."

म्हातारीने तिचं पेन हाताने बाजूला सारलं. "नको लिहू गं. मिलवाल्यांना सांगितलंच नाही मी कधी. सांगितलं असतं तर तेव्हाच काढलं असतं. रिकामं सोड तेवढं."

संबोधीने रकाना रिकामा सोडला. पण दुसऱ्या दिवशी फॉर्म तपासताना सरांनी तिथेच बोट ठेवलं.

"हे राहिलं."

"त्या सांगत नाहीत, सर."

"तुला माहीत आहे ना?"

तिने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"संबोधी, एक रकाना खोटा असला की पूर्ण प्रकल्प खोटा होतो. मी काय शिकवलं इतके दिवस? आपण कुणाच्या बाजूचे नसतो. जे आहे ते लिहितो, बस."

तिने लिहिलं, 'नाही. मृत्यू १९८८.' सरांनी वहीवर 'छान' लिहिलं. त्या दिवशी तो शब्द पाहून तिने वही लगेच मिटली. पण पुढचा तास इंग्रजीचा होता, मग कॉम्प्युटर होता, आणि ते मागे पडलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात एक माणूस आला. पांढरी काँटेसा गाडी खाली उभी राहिली, ट्रस्टचा मॅनेजर धावत जिना उतरला. माणूस मुलांकडे पाहून हसला नाही, कुणाला काही विचारलं नाही. सरळ भिंतीवर लावलेल्या नकाशापाशी गेला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग दोन नंबर आणि तीन नंबर लाइनीच्या मधल्या वाटेवर त्याने नखाने रेघ ओढली.

"यहाँ से गाडी निकल जाएगी?"

"साडेअकरा फूट आहे," संबोधी पटकन म्हणाली. "ट्रक निकल जाता है."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुमने बनाया? बहुत बढिया, बेटा. बहुत काम का बनाया है."

माणूस गेल्यावर विजयसरांनी खिडकी बंद केली आणि त्या दिवशी तास अर्ध्यावरच सोडला.

फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं कामही मुलांनीच केलं. नावं काढून टाकणार होते, पण पहिला रकाना नावाचाच होता. संबोधीने ते पाहिलं आणि मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "बाद में हट जाएगा." जूनच्या दोन तारखेला ती मशीनसमोर बसली तेव्हा तक्त्याच्या शेवटी एक नवा रकाना दिसला. तो मुलांनी भरलेला नव्हता. प्रत्येक घरासमोर एक अक्षर होतं. ए, बी किंवा सी.

कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला शिकवलं होतं. कोणती गोष्ट कशाला बांधलेली आहे ते आकड्यांतून ओळखायचं. तिने वही काढली आणि एसीच्या गार हवेत बसून एकेक घर उतरवू लागली. एकोणीस घरांना ए होतं. त्यांतल्या बहुतेक घरांचा मूळ माणूस हयात नव्हता. बाकीच्यांत मागे खोली वाढवलेली होती. आणि एकोणीसच्या एकोणीस घरांत दिवसा पुरुष नसायचा. बी मध्ये ज्यांचं गावी घर होतं ते. सी मध्ये गेट मीटिंगला जाणारे. तिच्या पप्पांसमोर सी होतं. द्वारकाबाईसमोर ए.

तिने वही मिटली. शेजारच्या मशीनवर प्रीती बसली होती. तिने विचारलं, "काय झालं गं?" संबोधीने वही ओढणीखाली घेतली आणि चपला घालायला बाहेर पडली.

रविवारी ती महूला आजोबांकडे गेली. भाऊराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि महूतच राहत होते. मीटरगेजच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून तिने नकाशाची झेरॉक्स दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली. आजोबांनी दारातच "जय भीम, बेटा," म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने कागद समोर पसरला आणि फॉर्ममधले प्रश्न एकेक करून सांगितले.

भाऊरावांनी चष्मा लावला. नकाशा फिरवून उत्तरेकडे केला. त्यांचं बोट वाटांवरून फिरत गेलं, नळापाशी थांबलं, साडेअकरा फुटांवर थांबलं.

"छान काढलाय," शेवटी म्हणाले. "मागितला कुणी?"

"सरांनी. प्रकल्प आहे."

"सरांकडे कुणी मागितला?"

"माहीत नाही."

"अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली मी. वाट कुठली, पाणी कुठे, कोणत्या घरात माणूस नाही, कोण लढणार, कोण नाही. एवढं सगळं एका कागदावर कधी मागवतात माहीत आहे?" त्यांनी चष्मा काढला. "आत घुसायचं असतं तेव्हा."

संबोधी रडायला लागली. आजोबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "जा. बापाला आजच सांग. मीटिंगवाल्यांना सांग. आणि त्या मास्तरला तोंडावर विचार."

तिने त्याच संध्याकाळी पप्पांना सांगितलं. पप्पा तिला रागावले नाहीत. शर्ट चढवून मांडवात गेले. तिथे सगळ्यांनी ऐकून घेतलं. युनियनचे सुधाकर काका कायद्याचं जाणणारे, त्यांनी हात हलवला. "भिया, पहिले नोटीस येते. पंधरा दिवस देतात. नोटीस कुठे आहे? नोटीस आली की कोर्टात जाऊ. तोपर्यंत पोरीला घाबरवू नका." त्यांचं बोलणं सगळ्यांना पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं. लोक नोटिशीची वाट पाहू लागले. पोस्टमन लाइनीत शिरला की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. नोटीस आली नाही. त्याऐवजी बुधवारी प्रत्येक घरी छापील निमंत्रण आलं. शनिवारी, दहा जूनला, अभ्यासवर्गाचा समारोप. प्रमाणपत्रं, मुलांचं कौतुक, सहकुटुंब भोजन. न्यायला-आणायला बस.

गुरुवारी दुपारी संबोधी विजयसरांच्या घरी गेली. सुदामा नगरमध्ये वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहत. दार त्यांच्या पत्नीने, स्मिताताईंनी उघडलं. खोलीत पुठ्ठ्याची खोकी बांधून ठेवलेली होती.

"सर, ए, बी, सी म्हणजे काय?"

विजयसर पंख्याखाली बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "वर्गीकरण आहे ते."

"कशाचं?"

"मला शिकवायला ठेवलंय, संबोधी. फॉर्म माझ्याकडे तयार आला. मी तयार नाही केला."

"पण तुम्ही द्वारका आजींचं लिहायला लावलंत मला."

स्मिताताई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. "सांगा ना तिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काय सांगू? मला तरी कुणी काय सांगितलंय?" सर एकदम चिडून म्हणाले. मग आवाज उतरला. "रिपोर्ट गेला. मागच्याच आठवड्यात गेला. आता माझ्या हातात नाही काही. तू पुढचं बघ. चांगल्या कॉलेजसाठी मी चिठ्ठी देतो तुला. तू हुशार आहेस, त्या लाइनीत राहायची नाहीस."

ती उठली. जिन्यापर्यंत पोचली तेव्हा सर मागून आले. कठड्याला धरून उभे राहिले. "शनिवारी तुझ्या घरचं कुणी समारंभाला आलं नाही, घरीच थांबलं," ते म्हणाले, "तर मी काही विचारणार नाही." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

हे वाक्य तिने घरी जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे काय?" पप्पांना तरी कुठे कळलं होतं! पण त्यांनी शनिवारची रजा टाकली. "मी थांबतो घरी. तुम्ही दोघी जा. सगळी लाइन चाललीय, आपणच नाही गेलो तर लोक म्हणतील पोरगी पहिली आली म्हणून माजले."

शनिवारी सकाळी साडेनऊला तीन बस आल्या. लोक नवे कपडे घालून चढले. लाइनीत इतका आनंद दीड वर्षात कुणी पाहिला नव्हता. मांडवातली माणसंही आली, सुधाकर काका इस्त्रीचा कुर्ता घालून पुढच्या सीटवर बसले. मॅनेजर हातात यादी घेऊन प्रत्येक बसच्या दारात उभा होता आणि चढणाऱ्याच्या नावावर खूण करत होता. द्वारकाबाईला जाणं शक्यच नव्हतं. पप्पा तिच्या ओट्यावर बसले होते, त्यांनी हात हलवला.

हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुदामा नगरच्याही पुढे होता. आत कूलर, लाल खुर्च्या, मागे पुऱ्या तळल्याचा वास. स्टेजच्या भिंतीवर संबोधीचा नकाशा मोठा करून लावला होता. पहिल्या रांगेत पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. विजयसर कडेला उभे होते. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

अकराच्या सुमारास तिचं नाव पुकारलं. प्रकल्प वाचून दाखवायचा होता. ती माइकसमोर उभी राहिली आणि समोर पाहिलं. सवयीने तिने घरं मोजायला सुरुवात केली. एक नंबर लाइन, पूर्ण. दोन नंबर, द्वारकाबाई सोडून पूर्ण. तीन नंबर, पप्पा सोडून पूर्ण. पाठीमागे भिंतीवर बासष्ट घरं होती आणि त्या घरांतली सगळी माणसं इथे, तिच्या समोर, खुर्च्यांवर बसली होती.

तिला एकदम सगळं कळलं. यादी, बस, जेवण, सरांचं ते वाक्य. आणि आज शनिवार होता, कोर्ट सोमवारपर्यंत बंद.

"घरी चला," ती माइकमध्ये म्हणाली.

लोक हसले. त्यांना वाटलं पोरगी घाबरली.

"सगळे घरी चला! लाइनीत कुणी नाहीये! आपल्याला मुद्दाम आणलंय इथे, ते घरं तोडतायत!"

मॅनेजरने माइक बंद केला. ती ओरडतच राहिली. आई उठून उभी राहिली, मग प्रीतीची आई, मग एकदम सगळ्या खुर्च्या सरकल्या. सुधाकर काकांनी मॅनेजरची कॉलर धरली. विजयसर जागचे हलले नाहीत. त्यांनी तिला अडवलं नाही आणि मदतही केली नाही.

बाहेर बस उभ्या होत्या, दारं बंद, ड्रायव्हर एकही नाही. लोक रस्त्यावर धावले. मिळेल त्या टेम्पोत, रिक्षात, दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून निघाले. बायका साड्या खोचून उन्हात चालत सुटल्या. संबोधी आणि आई एका टेम्पोच्या मागच्या फळीवर लटकल्या होत्या. आईने पूर्ण वाटेत एकच वाक्य म्हटलं, "तुझे पप्पा एकटे आहेत तिथे."

लाइनीत पोचायला पाऊण तास लागला. लांबूनच धुरळा दिसला. साडेअकरा फुटांच्या वाटेने दोन ट्रक आत आले होते आणि एक पिवळं मशीन. वीस-पंचवीस माणसं सब्बल-पहारी घेऊन कवेलू उतरवत होती. ओळीने सगळी घरं तोडत नव्हते. एक घर पाडलेलं, शेजारची दोन जशीच्या तशी, मग पुढचं पाडलेलं. ठेकेदाराचा माणूस हातात झेरॉक्स घेऊन घराघरापुढे थांबत होता आणि लाल खूण बघून बोट दाखवत होता.

पप्पा कडुनिंबाखाली मातीत बसले होते. कपाळातून रक्त आलेलं, उजवा हात विचित्र वळलेला. ते द्वारकाबाईच्या दारात आडवे उभे राहिले होते. चौघांनी उचलून बाजूला फेकलं. म्हातारीला खाटेसकट बाहेर आणून ठेवलं होतं. तिच्यासमोर तिचं घर आता फक्त एक भिंत होतं आणि त्या भिंतीवर फोटोचा खिळा.

टेम्पोंमागून टेम्पो येत गेले. पन्नास, शंभर, दोनशे माणसं झाली. बायका सरळ मशीनपुढे जाऊन बसल्या. ठेकेदाराच्या माणसाने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि ट्रकमध्ये चढला. तोवर एकोणीसपैकी अकरा घरं गेली होती.

धावपळीत त्याच्या हातून कागद पडला. तो सुधाकर काकांनी उचलला. नकाशा होता. प्रत्येक घरात बारीक, गोल अक्षरांत नंबर लिहिलेले.

"हे अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं. वीस मुलं तिथे होती. प्रीतीने खाली पाहिलं.

"माझं," संबोधी म्हणाली.

कुणी तिला मारलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. लोक तिच्याकडे बघत राहिले आणि मग एकेक करून आपापल्या सामानाकडे वळले. ते तिला मारापेक्षा जास्त लागलं. द्वारकाबाई खाटेवरून म्हणाली, "मी सांगितलं होतं तिला. लिहू नको म्हणून." तिने हे कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संबोधी उठली, केस बांधले आणि एक नंबर लाइनीच्या पहिल्या दारात जाऊन उभी राहिली. आईने विचारलं तर म्हणाली, "प्रत्येकाला सांगून येते. त्यांच्याबद्दल मी काय काय लिहिलं ते." ज्यांची घरं पडली होती ते शेजाऱ्यांकडे किंवा ताडपत्रीखाली होते, त्यांनाही शोधून तिने सांगितलं. एकतीसच्या एकतीस रकाने तिला पाठ होते. काहींनी ऐकलं. काहींनी अर्ध्यावर दार लावलं. एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता पुन्हा येऊ नकोस." प्रीतीच्या वडिलांनी तिला आत बोलावून पाणी दिलं. संध्याकाळ झाली तरी तिची अठ्ठेचाळीसच घरं झाली होती. राहिलेली तिने सोमवारी केली.

सोमवारीच सुट्टीतल्या जज्जांकडून स्थगिती मिळाली. उरलेली एक्कावन्न घरं तेवढ्यापुरती वाचली. कोर्टात घरं पाडणारी ती माणसं आपली म्हणायला कुणीच तयार नव्हतं. मिलचे मालक म्हणाले, आम्ही नाही. ठेकेदार सापडला नाही. स्नेहलतागंजातल्या ट्रस्टच्या ऑफिसात लोक पोचले तेव्हा तिथे फक्त एसीचं भोक आणि टेबलांच्या खुणा होत्या. सुदामा नगरची खोली रिकामी होती. संबोधीने सुधाकर काकांच्या वकिलापुढे बसून सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. पप्पांच्या हाताला प्लास्टर होतं, फॅक्टरीने दुसरा चौकीदार ठेवला.

द्वारकाबाईला पप्पांनी आपल्याच घरी आणलं. पुढच्या खोलीत तिची खाट टाकली. तीन दिवस ती संबोधीशी बोलली नाही. तिच्या हातचं जेवायची, पण बघायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. संबोधी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होती.

"सगळ्यांच्या दारात गेलीस म्हणे," म्हातारी म्हणाली. "माझ्याकडे नाही आलीस."

"तुम्ही बोलत नव्हता, आजी."

"आता बोलतेय. सांग, माझं काय काय लिहिलंस?"

संबोधीने सांगायला सुरुवात केली. नाव, वय, गुडघ्यांचा आजार, भाऊ खंडव्याला, मुलगा नाही. एकटी राहते. दिवसा दार उघडं असतं. गेट मीटिंगला जात नाही. नवरा हयात नाही, मृत्यू १९८८. द्वारकाबाई डोळे मिटून ऐकत होती. एकतिसावा रकाना संपला तेव्हा तिने डोळे उघडले.

"म्हणजे मी पूर्णच आहे त्यांच्याकडे," ती म्हणाली. "आणि तुम्ही पण. सगळे."

"हो."

"आणि ते कोण आहेत गं? त्यांचं नाव काय, राहतात कुठे, घरात किती माणसं?"

संबोधीचे हात थांबले. तिला विजयसरांचं नाव माहीत होतं, मॅनेजरचा चेहरा माहीत होता, एका गाडीचा रंग माहीत होता. त्यापुढे काही नव्हतं.

"माहीत नाही, आजी," ती म्हणाली.

द्वारकाबाईने मान हलवली. "दार लाव," ती म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं. संबोधीने उठून दार लावलं, कडी घातली आणि पुन्हा येऊन तेल लावायला बसली.